चवीचं गणित : सॅलड हलकं, बाटली जड

मंडळी, गेल्या अंकात डाळी भिजवण्यामागच्या शास्त्रावर लिहिलं होतं. त्यावर जे फोन आले, त्यातले निम्मे डाळीबद्दल नव्हतेच. "डाळ आम्हाला येते हो. सॅलडचं काहीतरी लिहा," असा एकूण सूर होता. एका काकूंनी तर नेमकं दुखणं सांगितलं. "डॉक्टरांनी ह्यांना रोज सॅलड खायला सांगितलंय. कोरडा पाला घशाखाली उतरत नाही, आणि ड्रेसिंग घातलं तर मी बाटलीमागचे आकडे मोठ्याने वाचून दाखवते. जेवायला बसलो की रोज भांडण!"

तक्रार रास्त आहे. कोरडं रोमेन लेट्यूस कितीही गुणाचं असलं तरी ते खाताना आपण आणि शेळी यांत फार अंतर राहत नाही. सॅलडला चव ड्रेसिंगने येते, आणि घोळही तिथेच आहे. म्हणून या वेळचं गणित ड्रेसिंगचं. जिभेला बरं वाटेल आणि कॅलरीही आवाक्यात राहतील, असं काही जमतं का ते पाहू. जमतं, हे आधीच सांगून टाकतो. त्यातलं बरंचसं आपल्या आज्यांना येत होतं, हेही पुढे दिसेल.

आता विषय थोडा गंभीर. आपल्या मंडळातले बरेचजण पन्नाशीच्या आसपास आले आहेत. दिवाळीच्या कार्यक्रमात पूर्वी ग्रीनकार्डाच्या गप्पा व्हायच्या, आता कोलेस्टेरॉलच्या होतात. ही नुसती वयाची गंमत नाही. २०१८ साली अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी कोलेस्टेरॉलबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत हृदयविकाराचा धोका वाढवणाऱ्या बाबींच्या यादीत 'दक्षिण आशियाई वंश' ही गोष्ट स्पष्टपणे घातली आहे. म्हणजे आपण. सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागो परिसरातल्या आपल्यासारख्या ९०० हून अधिक लोकांना घेऊन २०१० साली एक अभ्यास सुरू झाला. त्याच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळवून त्याला 'मसाला' असं नाव दिलं आहे. नाव वाचून हसू येतं, निष्कर्ष वाचून येत नाही. मधुमेहाचंही तेच. आशियाई वंशाच्या माणसाचा बी.एम.आय. २३ झाला की साखर तपासा, असं अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०१५ पासून सांगितलं आहे. इतरांसाठी तो आकडा २५ आहे. ५ फूट ७ इंच उंचीच्या माणसाला २३ म्हणजे सुमारे १४७ पौंड. आरशापुढे उभे राहून प्रत्येकाने आपापला हिशोब करावा, इथे छापण्याची गरज नाही.

तर डॉक्टर सॅलड खा म्हणतात ते उगीच नाही. प्रश्न एवढाच, की आपण खातो ते सॅलड असतं का?

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी स्टेंट बसला. तेव्हापासून दुपारचं जेवण म्हणजे सॅलड, असा त्यांनी नेम धरला आणि तो निष्ठेने पाळला. पोळी नाही, भात नाही. पाच महिन्यांनी वजन जिथल्या तिथे. बिचारे अगदी खट्टू झाले. एका रविवारी आमच्याकडे आले असताना म्हणाले, "तुम्ही इंजिनिअर ना, मग सांगा कुठे गळतंय ते." मी त्यांच्यापुढे एक रिकामा बाउल आणि रँच ड्रेसिंगची बाटली ठेवली आणि म्हटलं, रोज ओतता तेवढं ओता. त्यांनी नेहमीच्या सवयीने बाटली दोनदा गोल फिरवली. मग आम्ही ते चमच्याने मोजलं. सहा टेबलस्पून निघालं.

बाटलीवर लिहिलेलं असतं दोन टेबलस्पूनचं. साध्या रँचच्या दोन टेबलस्पूनमध्ये साधारण १३० कॅलरी असतात, काहींत थोड्या जास्तच. म्हणजे सहा टेबलस्पूनला ३९०. चार फुलक्यांच्या कॅलरी झाल्या. गृहस्थांनी फुलके सोडले होते आणि तेवढ्याच कॅलरी रोज पातळ करून पीत होते! क्षणभर गप्प बसले आणि म्हणाले, "मग फुलके काय वाईट होते?"

यात त्यांचा तरी काय दोष? बाटलीचं तोंड मोठं, बाउल खोल आणि वर हिरवीगार पानं. डोळ्यांना सगळं सात्त्विकच दिसतं.

तेल नेमकं करतं काय?

माझी नोकरी रंगांच्या धंद्यातली. घराच्या भिंतीला द्यायचे ते रंग. केमिकल इंजिनिअरिंगचं एम.एस. करून शेवटी भिंती रंगवतो, असं आमची मुलं म्हणतात. पण ड्रेसिंगकडे मी रंगवाल्याच्या नजरेनेच पाहतो, कारण काम तेच आहे. एक पातळ थर एका पृष्ठभागावर सारखा बसला पाहिजे, ओघळता कामा नये, आणि त्यातून हवा तो परिणाम दिसला पाहिजे. भिंतीवर रंग दिसतो, पानावर चव लागते.

एक ग्रॅम साखरेत किंवा प्रथिनात ४ कॅलरी, एक ग्रॅम स्निग्धात ९. एक टेबलस्पून तेल म्हणजे साधारण १४ ग्रॅम, म्हणून सुमारे १२० कॅलरी. हे तेल ऑलिव्हचं असो, शेंगदाण्याचं असो की करडईचं असो, आकडा तोच. ऑलिव्ह ऑइल हृदयाला चांगलं हे खरं, पण ते हलकं नाही. फ्रेंच पद्धतीच्या साध्या व्हिनेग्रेटमध्ये तीन भाग तेल आणि एक भाग व्हिनेगर असतं. म्हणजे घरी हौसेने केलेल्या व्हिनेग्रेटच्या दोन टेबलस्पूनमध्ये दीड टेबलस्पून तेल, अर्थात १८० कॅलरी. रँचपेक्षाही जास्त!

आता तेल काढून टाकायचं म्हटलं तर ते काय काय काम करत होतं, ते आधी पाहायला हवं. कारखान्यात महाग कच्चा माल बदलायचा असला तरी आम्ही हेच करतो. तेलाची कामं मुख्यतः तीन. पहिलं, ते वास धरून ठेवतं आणि पसरवतं. लसूण, जिरं, हिंग, हर्ब्ज यांचा बराचसा सुगंध पाण्यात नीट उतरत नाही, तेलात उतरतो. दुसरं, ते पानाला चिकटतं. पानावर निसर्गानेच मेणाचा पातळ थर दिलेला असतो. पाणी त्यावर अळवाच्या पानावरच्या थेंबासारखं घरंगळतं, तेल पसरतं. तिसरं, ते आंबटपणाची धार बोथट करतं. नुसतं व्हिनेगर दाताला झोंबतं, तेलाबरोबर झोंबत नाही.

या तिन्ही कामांना दुसरी माणसं नेमली, की तेलाचा पगार वाचतो. मात्र सगळा नाही. ते पुढे सांगतो.

'फॅट फ्री'ची मेख

कोणी म्हणेल, एवढा उपद्व्याप कशाला? दुकानात 'फॅट फ्री' बाटली मिळते की. मिळते. पण लेबलावरचे शब्द कायद्याच्या भाषेत असतात, ते समजून घ्यावेत. 'फॅट फ्री' म्हणजे एका सर्व्हिंगमध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी स्निग्ध. 'लो कॅलरी' म्हणजे ४० किंवा त्याहून कमी कॅलरी. ड्रेसिंगच्या बाटलीवर 'लाइट' लिहिलेलं असेल तर बहुधा नेहमीच्या मालापेक्षा स्निग्ध निम्मं, एवढाच त्याचा अर्थ. नेहमीचा माल मुळात जड असेल तर निम्माही काही फुलासारखा होत नाही. आणि हे सगळे आकडे एका सर्व्हिंगचे, म्हणजे दोन टेबलस्पूनचे. आपण ओततो त्याचे नव्हेत.

यातली सर्वांत मजेशीर वस्तू म्हणजे फवाऱ्याचं तेल. डब्यात तेलच असतं, पण लेबलावर कॅलरी शून्य! कारण त्याचं सर्व्हिंग म्हणजे सेकंदाच्या एखाद्या अंशापुरता फवारा, आणि ५ पेक्षा कमी कॅलरी असल्या की शून्य लिहायला परवानगी आहे. पाच सेकंद बटण दाबून ठेवलं की मग ते शून्य शून्य राहत नाही.

फॅट फ्री ड्रेसिंगमधून तेल काढल्यावर चिकटपणासाठी स्टार्च आणि गोंद येतात, चवीसाठी साखर आणि मीठ येतं. गोंद म्हणजे बहुतेक वेळा झँथन गम. हा इलिनॉयमधल्या पियोरियाच्या सरकारी शेती प्रयोगशाळेत शोधला गेला आणि १९६९ साली खाण्यात वापरायला परवानगी मिळाली. त्याची करामत अशी, की बाटली हलवली की द्रव पातळ होतो आणि पानावर पडला की पुन्हा घट्ट. आमच्या रंगालाही नेमका हाच गुण लागतो. ब्रश फिरवताना पातळ, भिंतीवर घट्ट. गोंद अपायकारक नाही, त्याची भीती बाळगू नका. साखर आणि मीठ मात्र पाहा. नव्या लेबलावर वरून घातलेल्या साखरेचा आकडा वेगळा देतात. तो २०१६ साली ठरला आणि २०२० पासून मोठ्या कंपन्यांना बंधनकारक झाला. ब्लडप्रेशरची गोळी चालू असलेल्यांनी सोडियमची ओळही वाचावी.

आणि आता महत्त्वाची गोष्ट. तेल शून्यावर न्यायचंच नाही. आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीत एक छोटा पण चोख प्रयोग झाला. तो २००४ साली प्रसिद्ध झाला. त्याच माणसांना तेच सॅलड वेगवेगळ्या दिवशी तीन ड्रेसिंगांबरोबर दिलं. एकात तेल नाही, एकात ६ ग्रॅम, एकात २८ ग्रॅम. मग रक्त तपासलं. तेल नसलेल्या ड्रेसिंगबरोबर गाजर, टोमॅटो, पालक यांतली कॅरोटिन्स रक्तात जवळजवळ उतरलीच नाहीत. तेल वाढलं तशी जास्त उतरली. २०१२ साली पर्ड्यू युनिव्हर्सिटीच्या प्रयोगात दिसलं, की कनोलासारखं तेल वापरलं तर ३ ग्रॅमसारख्या थोड्या तेलावरही काम बरंच भागतं. ऑलिव्ह आणि शेंगदाणा तेलातलं मुख्य स्निग्धही त्याच जातीचं. ३ ग्रॅम म्हणजे जेमतेम पाऊण टीस्पून. थोडक्यात, कोरडा पाला खाणारा तपस्वी आणि सहा टेबलस्पून ओतणारा भक्त, दोघांचंही सॅलड वाया जातं. माणशी टीस्पूनभर तेल किंवा तेवढं स्निग्ध असलेले दाणे जेवणात असले की पुरे.

आपलं घरचं उत्तर

आता तेलाची ती तीन कामं आठवा आणि आपल्या कोशिंबिरीकडे पाहा.

वास पसरवायला काय? फोडणी. एक टीस्पून तेल कडकडीत तापवून त्यात मोहरी, हिंग, मिरची घातली की त्या चमचाभर तेलात सगळा सुगंध उतरतो आणि बाउलभर काकडीला पुरतो. कच्चं तेल तीन टेबलस्पून घालूनही एवढा वास येत नाही. ४० कॅलरीत चौघांचं काम!

चिकटायला काय? दाण्याचं कूट, दही, मेतकूट. तिन्ही पानाला आणि फोडीला धरून बसतात. खानदेश-मराठवाड्याकडे मेथीचा घोळाणा करतात, तो आठवा. कच्ची मेथी, कांदा, कूट, तिखट, मीठ आणि चमचाभर कच्चं तेल. इथे रेस्टॉरंटमध्ये हाच प्रकार पांढऱ्या प्लेटमध्ये आला असता तर पंधरा डॉलर दिले असते आपण.

आंबटपणाची धार मोडायला काय? चिमूटभर साखर आणि बेताचं मीठ. कोशिंबिरीत साखर का, असं इथे वाढलेली मुलं विचारतात. हे त्याचं उत्तर.

म्हणजे उत्तर घरात आहे, फक्त ते काकडी-टोमॅटोवरून लेट्यूस-पालकावर न्यायचं आहे. मात्र कोशिंबीर म्हटली की सगळं माफ, असंही नाही. कूट टेबलस्पूनभर घातलं तर ५० कॅलरी होतात, मूठभर घातलं तर किती ते तुम्हीच मोजा. ओल्या खोबऱ्याचंही तसंच.

खाली चार ड्रेसिंगं देतो. सगळी आमच्या घरी नेहमी होतात. मापं अमेरिकन, म्हणजे १ टेबलस्पून १५ मिलीलिटरचा आणि त्यात ३ टीस्पून. कॅलरी दोन टेबलस्पूनच्या, म्हणजे बाटलीवरच्या सर्व्हिंगशी थेट तुलना करता येईल.

१. मेतकूट-दही (सुमारे २५ कॅलरी)

पाऊण कप बिनस्निग्धाचं साधं दही, २ टीस्पून मेतकूट, २ टेबलस्पून पाणी, मीठ, चिमूट साखर. नीट घोटून दहा मिनिटं ठेवा. मेतकुटातल्या भाजलेल्या डाळी-तांदळाचं पीठ पाणी शोषून घेतं आणि ड्रेसिंगला अंग येतं. मग १ टीस्पून तेलाची मोहरी, हिंग आणि हिरवी मिरचीची फोडणी थोडी निवली की वर घाला. गाजर, कोबी, काकडी, रोमेन यांवर उत्तम. मेतकुटाचा डबा भारतातून येताना सगळेच आणतात आणि आजारपणातल्या मऊ भातासाठी जपून ठेवतात. त्याला थोडं काम द्या.

२. फेसलेल्या मोहरीचं व्हिनेग्रेट (सुमारे ३५ कॅलरी)

१ टीस्पून मोहरी खलात किंवा कॉफीच्या छोट्या ग्राइंडरमध्ये बारीक करा. १ टेबलस्पून गार पाणी घालून फेसा आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. मोहरीच्या दाण्यात झणझणीतपणा तयार नसतो. दाणा फुटून त्याला पाणी मिळालं की आतलं एन्झाइम तो तयार करतं. गरम पाणी घातलंत तर एन्झाइमच मरेल आणि नुसता कडूपणा हाती लागेल. नाकात झणका गेला की २ टेबलस्पून लिंबाचा रस, १ टेबलस्पून व्हिनेगर, ३ टेबलस्पून संत्र्याचा रस, १ टीस्पून मध, मीठ आणि मिरपूड घाला. आंबट आधी घालू नका, त्याने एन्झाइम मंदावतं. शेवटी २ टीस्पून ऑलिव्ह किंवा शेंगदाणा तेल घालून झाकणाच्या बरणीत खूप हलवा. मोहरी तेलाला आणि पाण्याला एकत्र धरून ठेवते. फ्रेंच लोक डिजॉन मस्टर्ड घालतात ते याचसाठी. पणजीने भोपळ्याच्या कोशिंबिरीला मोहरी फेसून लावली तेव्हा तिला हे ठाऊक होतं की नाही कोण जाणे, पण कोशिंबीर फुटत नव्हती एवढं खरं.

३. भाजक्या लाल मिरचीचं (सुमारे २२ कॅलरी)

एक मोठी लाल ढोबळी मिरची गॅसवर किंवा ब्रॉयलरखाली वांग्यासारखी काळी होईपर्यंत भाजा. दहा मिनिटं झाकून ठेवली की साल सहज निघतं. गर, १ टेबलस्पून भाजलेले दाणे, २ पाकळ्या लसूण, २ टेबलस्पून व्हिनेगर, २ टेबलस्पून पाणी, मीठ आणि लाल तिखट ब्लेंडरमधून काढा. यात वेगळं तेल नाही. दाण्यातलं पुरतं. भाजल्याचा वास आणि दाट पोत यांमुळे जिभेला तेल असल्यासारखंच वाटतं. हे पालकावर, चण्यांवर आणि उकडलेल्या बटाट्यावरही छान लागतं.

४. घरचं रँच (सुमारे २७ कॅलरी)

हे मुलांसाठी. रँच त्यांच्या रक्तात गेलं आहे, ते काढायचा प्रयत्न करू नका. पण त्याचा इतिहास पाहिला तर ते आपल्या घरचंच पाहुणं आहे. स्टीव्ह हेन्सन नावाच्या गृहस्थांनी १९५४ साली कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळ हिडन व्हॅली नावाचं पाहुण्यांसाठीचं रँच सुरू केलं. ते आपलं ड्रेसिंग पाहुण्यांना वाढायचे. लोकांना ते इतकं आवडलं, की पुढे मसाल्याची पाकिटं टपालाने विकली जाऊ लागली आणि १९७२ साली क्लोरॉक्स कंपनीने तो धंदा ८० लाख डॉलरला घेतला. त्या पाकिटात घरी काय घालायचं? बटरमिल्क आणि मेयोनेज. बटरमिल्क म्हणजे ताकच, जरा दाट. ताकात लसूण, मिरपूड, हिरवा पाला. आपल्या मठ्ठ्याचा हा मेयोनेज खाऊन गुबगुबीत झालेला चुलतभाऊ!

त्याला थोडं वाळवायचं. अर्धा कप लो फॅट बटरमिल्क, अर्धा कप बिनस्निग्धाचं ग्रीक दही किंवा घरचा चक्का, फक्त १ टेबलस्पून खरं मेयोनेज, अर्धा अर्धा टीस्पून लसणाची आणि कांद्याची पावडर, १ टीस्पून सुका शेपू, बारीक चिरलेली पार्सली, मिरपूड, मीठ. फ्रीजमध्ये दोन तास मुरू द्या, नाहीतर लसूण वेगळा आणि दही वेगळं लागेल. मेयोनेज पूर्ण गाळू नका. त्या एका चमच्यानेच मुलांना ते रँच वाटतं. पार्सलीऐवजी कोथिंबीर घातलीत तर मुलांना सांगू नका, खाऊन झाल्यावर सांगा.

चारही ड्रेसिंगं फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकतात. कच्चा लसूण असलेलं बाहेर ओट्यावर ठेवू नका.

रंगाऱ्याच्या चार सूचना

ओल्या भिंतीला रंग धरत नाही, ओल्या पानाला ड्रेसिंग धरत नाही. पानं धुऊन सॅलड स्पिनरमध्ये फिरवा किंवा पंचात गुंडाळून झटका. ड्रेसिंग बुडाशी वाहून गेलं की आपण आणखी ओततो, हे कॅलरी वाढण्याचं एक मोठं कारण आहे.

बाटली टेबलावर आणायचीच नाही. मोठ्या बाउलमध्ये आधी ड्रेसिंग मोजून घाला, मग पानं घाला आणि हातांनी खालून वर कालवा. तीन कप पानांना दोन टेबलस्पून पुरतात. पोह्यांना तेल-तिखट लावतो तसं हलक्या हाताने.

काकडी आणि कोबीला मीठ लावून पंधरा मिनिटांनी पाणी पिळून काढा. नाहीतर तेच पाणी नंतर ताटात सुटतं आणि ड्रेसिंग पातळ करतं. हे आपण खमंग काकडीला करतोच. केलसारखं राकट पान असेल तर मीठ आणि लिंबू लावून चांगलं चुरडा, पचडीला चुरडतो तसं. केलचा निम्मा कडवटपणा तिथेच जातो.

आणि एक सूचना औषधाची. रक्त पातळ करण्यासाठी वॉर्फरिन घेणाऱ्यांनी हिरवा पाला एकदम वाढवू नये. त्यातलं व्हिटॅमिन के औषधाच्या कामात येतं. डॉक्टरांना विचारून रोज साधारण सारखंच प्रमाण ठेवावं.

शेवटी मंडळाच्या कार्यकारिणीला एक विनंती. आपल्या कार्यक्रमात सॅलडचा भलामोठा ट्रे येतो, शेजारी तीन बाटल्या उभ्या असतात आणि रांगेच्या शेवटी पोचलेला माणूस उरलेली बाटली पानांवर उलटी करतो. यंदाच्या गणपतीला बाटल्या आणू नका. वरच्यापैकी दोन ड्रेसिंगं मोठ्या पातेल्यात आम्ही करून आणू. त्यात पळीऐवजी टेबलस्पून ठेवू आणि शेजारी पाटी लावू, 'दोन चमचे पुरेत'. शंभर माणसांना मेतकूट-दह्याचे साडेबारा कप लागतील, म्हणजे दही साडेदहा कप. हिशोब करून ठेवला आहे. ज्यांच्या घरी मेतकुटाचा डबा पडून आहे, त्यांनी तेवढा घेऊन यावा.

पुढच्या अंकात, बऱ्याच जणांच्या आग्रहावरून, इडलीचं पीठ थंडीत का फुगत नाही आणि त्याला कसं फुगवावं. तोपर्यंत मोजून ओता आणि पोटभर खा.